रिकचा उजवा हात

‘द वॉकिंग डेड’ या कॉमिक मालिकेचा चौथा आणि शेवटचा खंड काल रात्री संपला. आज दिवसभर कामात जीव लागला नाही, म्हणून लिहून टाकते. गोष्ट फुटणार आहे, ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथंच थांबा.

दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि नागपुरात महालातल्या घरी पहिला खंड ठेवून गेला. ४८ अंक, हजारावर पानं. मे महिना, बाहेर ४५ अंश, कूलरसमोर आडवी पडून पोटावर उशी आणि उशीवर ते धूड. कूलरच्या तुषारांनी सुरुवातीच्या पानांच्या कडा फुगल्या, त्या अजून तशाच आहेत.

खरं सांगते, तेव्हा आवडलं नाही. कोमातून जागा झालेला पोलीस रिक, ओसाड हॉस्पिटल, रस्त्यानं फिरणारी मढी. दोन दुपारी घाबरले, तिसऱ्या दुपारी त्या मढ्यांची सवय झाली. त्यात सहा अंकांनंतर चित्रकारच बदलला. टोनी मूरची रेष मऊ, चेहरे बोलके. सातव्यापासून चार्ली ॲडलार्ड. काळ्या शाईचे मोठाले डाग, अर्धे चेहरे सावलीत. कोण बोलतंय तेच कळेना. मी पुस्तक मिटलं.

पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला. “ताई, २८वा झाला का?” तेवढ्यासाठी परत उघडलं.

२८व्या अंकात रिकचा उजवा हात मनगटापासून तोडला जातो. मला वाटलं, काहीतरी युक्ती निघेल. सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये मेलेलेसुद्धा परत येतात. इथे हात आला नाही. पुढच्या अंकात नाही, पन्नासाव्यात नाही. तो माणूस १९२व्या अंकात मरतो तोवर त्या हाताशिवायच जगतो. मी नकळत प्रत्येक चौकटीत आधी ते मनगट शोधायला लागले.

बाबांना झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली. डाव्या हातानं जेवायला शिकायला त्यांना वर्ष लागलं. भात जमायचा, पण पोळीचा तुकडा मोडता यायचा नाही, आई मोडून ठेवायची. लग्नाच्या पंगतीत डाव्या हातानं कसं जेवायचं, म्हणून त्यांनी लग्नांना जाणंच सोडलं. आजारपणाच्या गोष्टी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर संपतात. पोळीपर्यंत कुणी येत नाही. ही गोष्ट येते, कारण तिच्याकडे तेवढी पानं आहेत.

म्हणून कुणी म्हणालं की फार ताणलंय, तर मला राग येतो. हो, मध्ये अंकच्या अंक काही घडत नाही. कुंपण दुरुस्त करतात, भाजी पेरतात, भांडतात. पण ते ज्या तुरुंगात आसरा घेतात त्याच्या कुंपणाआड मी तीसहून जास्त अंक राहिले होते. ४८व्यात रिकची बायको लोरी आणि तिच्या कडेवरची तान्ही मुलगी एका गोळीनं जातात. मी पुस्तक बाजूला ठेवून गच्चीवर जाऊन बसले. चार अंकांच्या ओळखीवर असं रडू येत नाही. मढी तर तिथे विदर्भातल्या उन्हासारखी आहेत, कायमची. बाहेर पडायचं तर त्यांचा हिशोब करूनच पडायचं. लिहिणारा रॉबर्ट कर्कमन ती कुठून आली हे शेवटपर्यंत सांगत नाही, आणि शंभराव्या अंकापर्यंत मला ते विचारायचं सुचतही नाही.

दुसऱ्या खंडापासून मी रोज एकच अंक वाचायचं ठरवलं. बर्डीवर एका दुकानात पुढचे खंड विचारले, तर त्यांनी लहान मुलांच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. शेवटी भावानं पुण्याहून पाठवले. २००३पासून ज्यांनी ही मालिका महिन्याला एक अंक अशी वाचली, त्यांचा मला फार हेवा वाटतो. २०१९मध्ये १९३वा अंक हाती आला तेव्हा तो शेवटचा आहे हे त्यांना आधी माहीत नव्हतं. पुढच्या अंकांची मुखपृष्ठंही जाहीर करून ठेवली होती. खऱ्या आयुष्यातही कुठे कुणी आधी सांगतं?

त्या अंकात कार्ल, रिकचा मुलगा, मोठा झालाय आणि स्वतःच्या मुलीला मांडीवर घेऊन पुस्तक वाचून दाखवतोय. ते पान किती वेळ बघत होते कोण जाणे. मग कपाटातून पहिला खंड काढला, फुगलेल्या कडांची पानं सोडवत लहानगा कार्ल शोधला. मूरनं काढलेला. तोच चेहरा गेला म्हणून मी एकदा पुस्तक मिटलं होतं. काल तो मला ओळखू येईना. माझा कार्ल ॲडलार्डच्या शाईतला होता.