तीन वर्षांनंतर कोणते दार बंद होते?

‘तिसऱ्या वर्षापर्यंत मेंदूची नव्वद टक्के वाढ होते, मग दार बंद; म्हणून बाळाला मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचे संगीत ऐकवा, पुढे तर जन्मतःच मेंदूच्या स्कॅनवरून मुलाचा कल कळेल,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि तिने विचारले, “ताई, आमचा चार वर्षांचा झाला, अजून नीट बोलत नाही. उशीर झाला का गं?” एका फुकट संदेशाने आईला रडवावे, याचा मला संताप आला.

नव्वद टक्के हा आकडा मेंदूच्या आकाराचा, आणि तोही तिसऱ्या नव्हे, साधारण पाचव्या-सहाव्या वर्षाचा. आकार म्हणजे क्षमता नव्हे. चेतापेशींमधील जोडण्या बालपणी भरमसाट वाढतात आणि नंतर छाटल्या जातात, हे मेंदूविकारतज्ज्ञ पीटर हटनलॉकर यांनी १९७९ मध्येच दाखवले होते. मेंदूच्या पुढच्या भागात ही छाटणी किशोरवयातही चालू असते.

पहिली वर्षे महत्त्वाची असतात, एवढे मात्र मान्य करावेच लागते. रोमानियातील बुखारेस्टमध्ये अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी निम्मी, यादृच्छिक निवडीने, प्रतिपालक (मूल दत्तक न घेता सांभाळणाऱ्या) कुटुंबांत पाठवली गेली. २००७ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांचा बुद्ध्यंक संस्थेत राहिलेल्यांपेक्षा वर गेला आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. परंतु हा अभ्यास ज्यांना जवळ घेणारे हक्काचे माणूस नव्हते अशा मुलांचा आहे. आईबापांच्या अंगाखांद्यावर वाढणाऱ्या मुलाला तो लावून घाबरवणे ही लबाडी आहे.

मोझार्टचे काय सांगावे! हा समज ज्या प्रयोगावरून पसरला, तो १९९३ मध्ये ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला आणि संगीताचा परिणाम पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही. त्यात बाळ एकही नव्हते.

स्कॅनच्या भाकिताबाबत इतिहासच सावध करतो. लपवलेली वस्तू अस्तित्वात असते हे आठ-नऊ महिन्यांपूर्वी बाळाला कळत नाही, असे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुख्यतः स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणावरून मांडले. १९८५ मध्ये रेने बायार्जाँ आणि सहकाऱ्यांनी बाळ वस्तूकडे हात नेते का हे पाहण्याऐवजी ते किती वेळ टक लावून पाहते हे मोजले, तेव्हा पाच महिन्यांच्या बाळांनाही ते उमगत असल्याच्या खुणा दिसल्या. त्या खुणांच्या अर्थाबद्दल अजून वाद आहेत. म्हणूनच आता अनेक प्रयोगशाळा एकच प्रयोग मिळून करतात. अशा संशोधनातून गटाची सरासरी कळते, एकेका मुलाचे भविष्य नव्हे.

बहिणीला मी सांगितले, संदेश पुसून टाक, आधी त्याची श्रवणचाचणी करून घे आणि मग वाचा-उपचारतज्ज्ञांना भेट.