नवा मालक, नवा नळ

ब्रिटनमधल्या तुमच्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, भाड्याने दिलेली आपली घरं नव्या मालकाच्या, म्हणजे हाउसिंग असोसिएशन नावाच्या ना-नफा संस्थेच्या, हवाली करायचं ठरवलं, म्हणून लगेच पोटात गोळा आणू नका. घर तेच, जिना तोच, कपाटामागची काळी ओलही तीच राहणार. आणि तुम्हाला विचारल्याशिवाय काही होत नाही, आधी मतदान असतं.

मतदानाआधी दारातून पुस्तिका पडेल. गुळगुळीत कागद, वर हसऱ्या आजी, आत नव्या किचनमधला चकचकीत नळ. तुमचा नळ गेल्या दिवाळीपासून ठिबकतोय. खाली लावलेलं पातेलं रात्रीतून भरतं, सकाळी त्याच पाण्यात तुम्ही भांडी विसळता. चारदा तक्रार केलीत, तेव्हा कौन्सिलकडे पैसे नव्हते. तुम्ही 'हो' म्हणालात की पैसे निघतात. ग्लासगोचंच बघा. 2002 साली 58 टक्के मतं 'हो'ची पडली आणि घरांपोटी शहराच्या डोक्यावर असलेलं सुमारे 90 कोटी पौंडांचं कर्ज सरकारने उचललं. घरं कौन्सिलकडे ठेवून ते का उचलता येत नव्हतं, हे सभेत विचारू नका. बिस्किटं त्यांची आहेत.

कराराचं टेन्शन तर घेऊच नका. इंग्लंडमध्ये कौन्सिलचा 'सिक्युअर' भाडेकरार जाऊन नव्या मालकाचा 'अ‍ॅश्युअर्ड' येईल. डिक्शनरीत दोन्ही एकाच आळीत राहतात. डिक्शनरी मिटा आणि कायदा मात्र उघडू नका. 1988 च्या हाउसिंग अ‍ॅक्टमध्ये भाडेकरूला घराबाहेर काढण्याच्या कारणांतला एक आठवा मुद्दा आहे. मूळ नियम असा, की दोन महिन्यांचं भाडं थकलं आणि सुनावणीच्या दिवशीही तेवढं थकलेलं असलं, की न्यायाधीशाला ताबा द्यावाच लागतो. कौन्सिलच्या भाडेकरूला घराबाहेर काढणं रास्त आहे का, हे तरी कोर्ट बघतं. पण तुम्ही कशाला थकवाल भाडं? भाडं फार न वाढवण्याची पाच वर्षांची हमी असते बहुतेकदा. सहाव्या वर्षाचं पान छापखान्यात राहिलं असेल.

नगरसेवकाला पुढच्या निवडणुकीत पाडता येतं, नव्या मालकाला कसं पाडायचं, असं शेजारचे आजोबा विचारतील. त्यांना सांगा, संचालक मंडळात भाडेकरूही बसतात. खुर्चीत बसल्यावर त्यांनी संस्थेचं हित बघायचं असतं, भाडेकरूंचं नाही, हे सांगू नका. आजोबांचं बीपी आधीच वर आहे.

मत द्यायचा कंटाळा आला तर देऊ नका. 1988 मध्येच 'टेनंट्स चॉइस' नावाची योजना निघाली होती. तिच्यात किमान निम्म्यांनी मत नोंदवलं, की एकूण भाडेकरूंपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी स्पष्ट 'नाही' म्हटल्याशिवाय बदली अडत नव्हती. म्हणजे जो झोपला, तो 'हो' म्हणाला. निवडीला इतकं सोपं कुणीच केलं नव्हतं. ही सोय आता नाही, पडलेली मतंच मोजतात. बर्मिंगहॅमच्या भाडेकरूंनी त्याचा गैरफायदा घेतला. 2002 मध्येच, ग्लासगोतल्या मतदानाच्याच सुमारास, दोन तृतीयांश मतं 'नाही'ची टाकली आणि 80 हजारांवर घरं कौन्सिलच्याच गळ्यात राहिली. अशा लोकांत बसू-उठू नका.

एकदा 'हो' झालं की नव्या मालकाचं नाव पाठ करायच्या भानगडीत पडू नका. ग्लासगोत ज्या हाउसिंग असोसिएशनकडे घरं गेली, तिची पाटी 2022 मध्ये बदलून व्हीटली होम्स ग्लासगो झाली. नाव बदललं की फोन नंबरही बदलू शकतो. तोवर पातेलं जरा मोठं घ्या.