काम फक्त बँकेचे नाही
स्विफ्ट या बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्याच्या जुन्या एमटी संदेशांकडून आयएसओ २००२२ या नव्या संदेश-मानकाकडचे स्थलांतर हे बँकांच्या संगणक विभागापुरतेच काम आहे, हे आपण छापलेल्या लेखातील मत मला पटत नाही. एमटी १०३ मध्ये, म्हणजे ग्राहकाचे पैसे पाठवण्याच्या जुन्या संदेशात, पैसे कशापोटी पाठवले हे सांगायला ३५ अक्षरांच्या चारच ओळी मिळत. त्यामुळे अनेक बिलांची रक्कम एकत्र पाठवली की बिल क्रमांक अर्ध्यावर तुटत आणि पलीकडच्या हिशेबनिसाला फोनाफोनी करावी लागे. नव्या संदेशात शहर आणि देश स्वतंत्र रकान्यांत देता येतात, परंतु ग्राहकाच्या नोंदींत सगळा पत्ता एकाच ओळीत कोंबलेला असेल, तर बँकेने या स्थलांतराची नोव्हेंबर २०२५ ची मुदत पाळूनही त्याचे पैसे तपासणीत अडकू शकतात. बँकांनी नुसती परिपत्रके न धाडता ग्राहकांसोबत बसून या नोंदी दुरुस्त करून घ्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.