यादीत नाव नव्हतं

सकाळी सकाळी आपल्या फुटबॉलच्या ग्रुपवर एक फोटो आला. एकोणीस वर्षांचं पोरगं, जुनी तालीम (आपल्या कोल्हापुरात पेठेपेठेतला फुटबॉल संघ म्हणजे तालीम) सोडलेलं, हातात नव्या तालमीची जर्सी. खाली पहिलाच शब्द ‘गद्दार’. त्याच्या खाली आई-बहीण सुरू. त्या पोराची आई ह्याच पेठेत राहते, ह्याच पेठेत भाजी घेते. लिहिणाऱ्यांतले निम्मे तिच्या हातचं जेवलेत.

दिवसभर डोकं फिरलंय. लांबलचक लिहिणार आहे, वेळ नसेल त्यानं पुढं जावं.

माझा दादा तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. लेफ्ट बॅक. सात सीझन एकाच तालमीकडनं खेळला. तालमीचं नाव घेणार नाही, आणि तुम्हीही कमेंटमध्ये घेऊ नका. सातव्या सीझनला गुडघ्याचं लिगामेंट गेलं. स्ट्रेचरवरनं बाहेर नेताना अख्खी गॅलरी उभी राहून टाळ्या वाजवत होती. ऑपरेशनला बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलं. नंतर नऊ महिने मांडीला वाळूची पिशवी बांधून पाय वर, पाय खाली. नवीन सीझनची नोंदणी आली तेव्हा आदल्या रात्री त्यानं बूट धुतले, आत पेपरचे बोळे कोंबले आणि खिडकीत ठेवले. सकाळी यादी लागली. त्यात नाव नव्हतं.

एक फोन नाही. ‘यंदा थांब गड्या’ एवढा निरोपसुद्धा नाही.

मग तो दुसऱ्या पेठेतल्या तालमीत गेला. त्यानं काय करायचं होतं? घरात बसून जुनी जर्सी हुंगायची? आणि जुन्या तालमीविरुद्धच्या पहिल्या मॅचला शाहू स्टेडियमवर त्याच गॅलरीतनं, त्याच तोंडांनी, ‘गद्दार’.

म्हणजे तालमीनं खेळाडू सोडला तर ‘संघबांधणी’, आणि खेळाडूनं तालीम सोडली तर गद्दारी. थेट नायजेरियाहून खेळाडू आणून त्याला खांद्यावर नाचवणारे आपणच की! तो पुढच्या वर्षी दुसऱ्या तालमीत दिसला तर चालतंय, तो ‘प्रोफेशनल’. आपल्या गल्लीतल्या पोरानं तेच केलं की त्याची आई काढायची. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, पुढं जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा अशा टीम बदलत गेला. त्याला कुणी गद्दार म्हटलं? कौतुक करताना आपली छाती फुगली. मग गल्ली बदलणाऱ्यावरच एवढा राग का? तो आपल्या तावडीत सापडतो म्हणून.

हां, उचल घेऊन ऐनवेळी दुसरीकडं सही केली असेल तर चूक आहे. आणि तालमी वर्गणीवर चालतात, सगळ्यांना सांभाळता येत नाही, हेही मान्य. पण फोन करायला किती वर्गणी लागते?

आता स्वतःच्या तोंडात मारून घेतो. मी इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबवाला, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मे 2025 मध्ये आपला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नॉल्ड स्पेनच्या रिआल माद्रिदला जातोय म्हटल्यावर मी काय काय लिहिलं होतं ते खाली स्क्रोल केलं की सापडेल. सहाव्या वर्षापासून क्लबात वाढलेला पोरगा. बार्सिलोनाविरुद्धचा 4-0 वाला तो झटपट कॉर्नर त्याचाच. ॲनफिल्डवर, घरच्याच मैदानात, आर्सेनलच्या मॅचला तो मैदानात उतरला तर आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि इथं कोल्हापुरात रात्री सोफ्यावर बसून मीही ‘बरं झालं’ म्हणालो. तीन-चार महिन्यांनी न्यूकॅसलकडनं खेळायला नकार देऊन बसलेला स्ट्रायकर इसाक साडेबारा कोटी पौंडांना आपल्या लिव्हरपूलकडं आला, तर मी बायकोला जिलेबी आणायला लावली. न्यूकॅसलच्या पोरांच्या मनाचा विचार डोक्यात आलासुद्धा नाही. असले आपण निष्ठावंत!

आणि ह्याहून वाईट एक गोष्ट आहे. दादाला शिव्या पडत होत्या त्या मॅचला मी त्याच गॅलरीत होतो. चौदा वर्षांचा, अंगात जुन्या तालमीची जर्सी. कारण सगळे मित्र तिकडंच होते. मी ओरडलो नाही, एवढंच. थ्रो घ्यायला तो आमच्या समोर आला, बॉल पुसला, वर बघितलं. मी खाली वाकून चपलेचा बंद नीट करत बसलो. चपलेला बंद नव्हता.

घरी आल्यावर तो काही बोलला नाही. आजपर्यंत नाही.

मघाशी त्याला सकाळचा फोटो दाखवला. खालच्या शिव्या वाचेल, काहीतरी म्हणेल असं वाटलं. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला, चेहऱ्यावर नाही, पायावर. बराच वेळ बघत बसला. म्हणाला, “डाव्या गुडघ्याला पट्टी बांधलीय बघ. त्याला म्हणावं, सीझनच्या आधी दाखवून घे.”

पोराचा नंबर कुणाकडं असेल तर मला पाठवा. ग्रुपवर नको.