कोथरूडकरांना उत्तर: आवाज गुरुवारीच का गेला?

कोथरूडकर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा ओशाळलो. तुमचं म्हणणं असं: लिनक्स लॅपटॉपचा आवाज मधेच जाऊ नये म्हणून मी सांगितलेली, साउंड चिपची पॉवर सेव्ह (रिकामी असताना झोपायची सोय) शून्य करणारी ओळ मॉडप्रोबच्या फाईलमध्ये (ड्रायव्हरच्या सेटिंग्ज असतात ती) टाकली, लॅपटॉप रीबूट केला, दोन दिवस बरं चाललं आणि गुरुवारी पुन्हा आवाज बंद. ‘अर्धवट माहितीवर लिहिता कशाला? सरळ पल्सऑडिओवर, म्हणजे जुन्या साउंड सर्व्हरवर, परत जा म्हणा की!’

यातलं ‘अर्धवट’ मान्य. पल्सऑडिओचं नाही.

खरी गोम तुम्हीच जाता जाता लिहून ठेवलीय. गुरुवारी लाईट गेली, तुम्ही व्हिडिओ थांबवला, शेजारच्यांचीही गेलीय का ते गॅलरीतून बघून आलात (सगळे बघतात, मीही बघतो), आणि परत सुरू केला तर आवाज तर नाहीच, चित्रही हलेना. आता घड्याळ लावून बघा. आवाज थांबला की वायरप्लंबर (पाइपवायर या नव्या साउंड सर्व्हरचा कारभारी) ५ सेकंदांनी साउंड कार्ड सोडून देतं. तुम्ही प्रतिक्रियेत चिकटवलेल्या टीएलपीच्या (बॅटरी वाचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाईलमध्ये पॉवर सेव्हचे दोन आकडे आहेत: चार्जरवर ० (झोपायचंच नाही), बॅटरीवर १ (एका सेकंदाने झोपायचं). लाईट गेल्यामुळे तुम्ही बॅटरीवर होतात, म्हणजे कार्ड सुटल्यावर आणखी १ सेकंदाने चिप झोपली. गॅलरीत जाऊन यायला तुम्हाला सहा सेकंदांहून जास्त लागले असणारच.

बऱ्याच लॅपटॉपांत ही चिप झोपते आणि मुकाट्याने उठते. काहींत उठत नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) हाक मारतो, उत्तर वेळेत येत नाही. ब्राउझर चित्राचा वेग आवाजाच्या घड्याळावर बेततो, म्हणून चित्रही गोठतं, आणि आपण उगाच इंटरनेटला शिव्या घालत बसतो.

मग मॉडप्रोबमधलं आपलं शून्य गेलं कुठे? ते मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, लोड होतानाच लागू होतं. प्लग निघाला की टीएलपी त्यावर स्वतःचा आकडा लिहितं. हे मला ठाऊक होतं, पण माझा लॅपटॉप बारा महिने चार्जरला असल्यामुळे लिहायचं सुचलंच नाही. चूक माझी. टीएलपीच्या फाईलमध्येच बॅटरीचा आकडा ० करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, तेवढं सोसा.

आता पल्सऑडिओ. २००८ साली उबुंटू ८.०४ बरोबर ते आलं तेव्हा लोक त्याच्या नावाने असेच खडे फोडत होते. पुढे फेडोरा ३४ ने २०२१ मध्ये आणि उबुंटू २२.१० ने २०२२ मध्ये पाइपवायर घेतलं, तेव्हा शिव्यांचा पत्ता बदलला. दोन्ही खाली अल्साच्याच (कर्नलमधल्या आवाजाच्या व्यवस्थेच्या) ड्रायव्हरवर उभी आहेत, आणि रिकामं कार्ड ५ सेकंदांनी सोडायची खोड पल्सऑडिओलाही आहे. घर बदलून नळ गळायचा थांबेल, पण इथे गळती सोसायटीच्या टाकीत आहे.

एक शंका उरते. नवीन इंटेल लॅपटॉप असेल तर कार्ड सॉफच्या (एसओएफ या वेगळ्या) ड्रायव्हरवर चालत असू शकतं, आणि मग ही सगळी शून्यं बिनकामाची. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय उणे-के (lspci -k) चालवून ऑडिओच्या खाली कुठल्या ड्रायव्हरचं नाव आहे ते बघा.

आणि गुरुवारची वाट बघू नका. प्लग काढा, गाणं थांबवा, दहा अंक मोजा, परत सुरू करा. तरीही बंदच राहिलं तर रीबूट करायच्या आधी डीमेसेजच्या (dmesg, कर्नलची नोंदवही) शेवटच्या वीस ओळी इथे चिकटवा.