वाटीवरची पिशवी

दिवाळीत पोरांना किल्ला करून द्यायचा तर तो पन्हाळाच पाहिजे, आणि पन्हाळा म्हटला की तीन दरवाजा आला, सज्जाकोठी आली, अंधारबाव आली, आणि हे सगळं अंगणातल्या शहाबादी फरशीवर गुडघे टेकून करणार कोण तर बाप, कारण पोरं मोबाईलवर. माती संपेस्तोवर माझ्या उजव्या गुडघ्यावर लिंबाएवढी सूज, दाबली की बुळबुळ हलतीय.

कोल्हापुरात दुखणं लपवता येत नाही, लंगडत दूध आणायला निघालो की कट्ट्यावर ओपीडी सुरू. आई म्हणाली वाटी सरकली. शेजारचे काका म्हणाले, "पाणी झालंय, आता गुडघा बदला, लाखात जातंय बघ." पेठेतले एक वस्ताद तर बाह्या सरसावूनच आले, "तेल लावून रगडतो की, त्यात काय!" आणि सर्वानुमते, पांढरा रस्सा पी. (इथं मोडलेल्या लग्नावरपण हेच औषध सांगतात.)

डॉक्टरांनी पाय वाकवून, सरळ करून बघितला. "अहो, सांधा ठणठणीत आहे, पाणी बाहेरच्या बर्सात झालंय." म्हणजे कातडी आणि वाटी यांच्यामधे एक चपटी पातळ पिशवी असते, आत नावापुरता चिकट द्रव, कातडी हाडावरून सहज सरकावी म्हणून. एका गुडघ्याभोवती अशा दहाएक पिशव्या आणि मला आजवर एकीचाही पत्ता नाही! गुडघे टेकून टेकून ही पुढची चिडते आणि पाणी धरते, फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींना हा त्रास नेहमीचा. सांध्यातच पाणी झालं असतं तर सूज वाटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना पसरली असती, पाय नुसता हलवतानाही जीव गेला असता.

"रगडलं तर?" म्हटल्यावर डॉक्टर उडालेच. खरचटलेल्या कातडीतून स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू आत शिरला की पिशवीत पू होतो, गुडघा लालभडक, ताप, मग सुईनं पाणी काढून तपासा, अँटिबायोटिक घ्या. माझं तिथवर गेलं नव्हतं. बर्फ, सुजेची गोळी आणि गुडघे टेकायचे नाहीत, देवळातपण नाही.

घरी सांगितलं तर सगळे नाराज, एवढं लंगडून साधं ऑपरेशन नाही म्हणजे काय! आईनं लगेच इचलकरंजीच्या आत्याला फोन लावला, स्पीकरवर, "अहो वन्सं, याच्या गुडघ्यात पिशवी सापडली."

तिकडून आत्या ओरडली, "प्लॅस्टिकची?"