बोटीला डावणी झालीय

कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर रंगीत पान इतकं रमतगमत बाहेर सोडतो, की शेजारी उभा असलेला माणूस तेवढ्यात आधीचं पान वाचून, मत बनवून, ते सगळ्या दुकानाला ऐकवून मोकळा होतो. परवा माझ्या बोटीचं असं जाहीर वाचन झालं.

बोट अजून माझी नाही. 37 फुटी, शिडाची, जुनी, मुंबईत बांधून ठेवलेली. विकणारा म्हणतो, फुल्ली लोडेड. घेण्याआधी अशी बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून ठोकूनठाकून बघायची असते. त्याचा रिपोर्ट छापत होतो.

शेजारचे काका दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. हातात सातबाऱ्याचे उतारे, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतलेला. ट्रेमधलं पहिलं पान त्यांनी मला न विचारताच उचललं.

"होडी घेता का भाऊ? गंगापूर धरणात?"

"नाही काका, समुद्रात."

"नाशकात?" हे रांगेकडे वळून. "किती पाणी लागतं हिला?"

"पावणेदोन-दोन मीटर तरी."

"मग गोदेला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की रामकुंडातनंच काढा. डिझेल वाचंल."

दुकान हसलं. पाचशेची मोड मागितली की ज्याचं तोंड वाकडं होतं, तो झेरॉक्सवालाही हसला.

पुढचं पान तळाच्या फोटोचं. पाण्याखालच्या भागावर नाण्याएवढे फोड. काकांनी पान उजेडात धरलं आणि निदान केलं: "डावणी आहे ही. फवारणी घ्या."

आता ही द्राक्षावरची बुरशी, म्हणजे डावणी नव्हे, ऑस्मोसिस. फायबरच्या वरच्या जेलकोटमधून पाणी वर्षानुवर्षं आत झिरपतं, आतल्या रेझिनमधली विरघळणारी रसायनं घेतं आणि त्याच्या दाबानं फोड येतो. फोडला तर आंबट, व्हिनेगरसारखा वास. दिसायला भयंकर, पण थोडे फोड असतील तर बोट बुडत नाही. खरी भीती डेकची. दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड असतं. एखाद्या सैल स्क्रूतून पाणी गेलं की ते आतल्या आत कुजतं. प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकत जायचं: टणक आवाज आला तर ठीक, 'थप' आला तर खर्च. हे मी काकांना समजावलं. का समजावलं देव जाणे. काका म्हणाले, "म्हणजे फवारणी नको?"

मग मास्टचं, म्हणजे शिडाच्या डोलकाठीचं पान आलं आणि काका खुलले. तार! द्राक्षबागायतदाराला तारेतलं कळत नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? "मांडवाची तार गंजली की लाल होती. ही तर चकचकीत आहे. बिनधास्त घ्या."

इथं मात्र मी खरंच चिडलो. मांडवाची तार गॅल्व्हनाइज्ड. ती गंजते तेव्हा तसं सांगून गंजते. मास्टला धरून ठेवणारी तार स्टेनलेस स्टीलची. ती बाहेरून चकचकीत आणि टोकाला, जिथं फिटिंगमध्ये दाबून बसवलेली असते तिथं, आतून चिरलेली असू शकते. चेनप्लेटचंही तेच. तारांचा सगळा ताण घेणारी ही पट्टी डेकमधून खाली जाते. नेमकं त्या फटीत पाणी साचतं, ऑक्सिजन पोचत नाही आणि स्टेनलेस तिथंच गंज खातं. पट्टी उपसून काढल्याशिवाय दिसत नाही. म्हणून 10 ते 15 वर्षांनी तारा बदलायच्या, दिसायला कशाही असोत.

"चांगली तार बदलायची?" काकांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "पैसा लई झालाय."

पैसा झालेला नाही, हीच तर बोंब आहे. फुल्ली लोडेडची यादी वाचा. लाइफराफ्ट आहे, म्हणजे जीव वाचवायचा तराफा, सर्व्हिसची तारीख कधीच उलटलेली. ईपर्ब आहे, म्हणजे बुडताना उपग्रहाला हाक मारणारं यंत्र. त्याची बॅटरी मेलेली. शिवाय ते आपोआप सुटण्यासाठी बसवलेलं हायड्रोस्टॅटिक रिलीज, जे दर 2 वर्षांनी बदलायचं, ते बोटीबरोबर आलं तेच. वॉटरमेकर आहे, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, पण बंद ठेवताना त्याच्या मेम्ब्रेनला, म्हणजे गाळणीच्या पडद्याला जपणूक द्रावण भरायचं असतं, ते कुणी भरलं नाही, तेव्हा आत शेवाळी साम्राज्य. रडारला सुटे भाग मिळत नाहीत. यातल्या प्रत्येक वस्तूचे पैसे किमतीत धरलेत आणि प्रत्येक वस्तू काढून टाकायलाही पैसेच पडणार. इंजिन बघायला गेलं तर आधीच तापवून ठेवलेलं. थंड इंजिन पहिल्या झटक्यात कसं उठतं आणि धूर कुठल्या रंगाचा टाकतं, हेच तर बघायचं असतं! विचारलं तर म्हणे, "तुमचा वेळ वाचावा म्हणून." या लोकांना लाज कशी वाटत नाही?

काकांचा नंबर आला. उतारे, आधार, माझी पानं यांचा एक गठ्ठा त्यांनी टेबलावर आपटून सरळ केला, पिशवीत घातला आणि "फवारणीचं बघा" म्हणून निघून गेले.

घरी येऊन मोजलं तर चेनप्लेटचं पान नाही. किंमत पाडायला माझ्या हातात होतं ते तेवढंच पान, आणि ते सातबाऱ्याला चिकटून दिंडोरीच्या तलाठ्याकडे निघालंय. परत गेलो तर झेरॉक्सवाला मान वर न करता म्हणाला, "रंगीत ना? पेन ड्राइव्ह द्या. आणि सुट्टे ठेवा."